करवंटींतला संसार
(नभोवाणीवरील भाषण)

मासा हा प्राणी मायेसाठीं प्रसिद्ध नाहीं. अंडीं पाण्यांत सोडावीं आणि आपल्या वाटेनें चालतें व्हावें, हा बहुतेक मत्स्यकुळांचा शिरस्ता. घरच्या टाकींत गप्पी पाळणाऱ्यांनीं तर याहूनही वाईट दृश्य पाहिलेलें असतें : आईनें पिलांना जन्म द्यावा आणि मागें वळून त्यांतलेंच एक गिळावें. म्हणून आमच्या कर्जतच्या घरीं आलेल्या एका पाहुण्यांनीं तिन्हीसांजेला टाकीपुढें उभे राहून, "अहो, तुमची मासोळी पोरें खात सुटली आहे!" अशी हांक मारली, तेव्हां त्यांचें कांहीं चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. दोन बोटांएवढी ती मादी खरोखरच एकेक पिलूं तोंडांत घेत होती. मीं त्यांना थोडें थांबावयास सांगितलें. गाल भरतांच ती मादी टाकीच्या कोपऱ्यांत पालथ्या घातलेल्या नारळाच्या करवंटीपाशीं गेली, आणि फुंकर घालावी तशीं तिनें तीं सर्व पिलें आंत सोडलीं. मग पुन्हां बाहेर, पुन्हां दोन-चार पिलें, पुन्हां आंत. नर बाहेर पहाऱ्यावर होता. दिवेलागणीच्या वेळीं अंगणांत रेंगाळणाऱ्या पोरांना घरांत ओढून आणणारी आई आणि उंबऱ्यावर उभा असलेला बाप, याहून त्या देखाव्यांत निराळें असें कांहीं नव्हतें. पाहुण्यांचा चहा निवून गेला.

या माशांना सिक्लिड असें म्हणतात. त्यांतही जे बोटभर लांबीचे, घरच्या लहान टाकींत संसार मांडूं शकणारे, ते बुटके सिक्लिड. आज बोलावयाचें तें त्यांच्या विणीविषयीं, आणि तेंही आमच्या कर्जत-खालापूरच्या पाण्याच्या आधारानें. कारण हा छंद पुस्तकांतून शिकतां येतो खरा, पण पाणी मात्र ज्याच्या त्याच्या गांवचें असतें.

आईबापांनीं पिलें राखणें ही गोष्ट आमच्या खेड्यांतील लोकांना अगदींच अपूर्व वाटत नाहीं. पावसाळ्यांत तळ्याच्या कडेला लालसर पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर खदखदतांना दिसला, कीं त्याखालीं मरळ आहे हें येथील लहान मूलही सांगेल. परंतु मरळीचें वात्सल्य गढूळ पाण्याखालीं चालतें; आपल्याला दिसतो तो वरचा थवा. सिक्लिडाचें घर कांचेचें असल्यामुळें त्याचा सर्व व्यवहार आपल्यापुढें उघडा पडतो, आणि मला वाटतें, या माशांची खरी मोहिनी रंगापेक्षां त्यांतच आहे.

सिक्लिडांचें कुळ अफाट आहे. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका या त्यांच्या मोठ्या वसाहती. जातींची संख्या दीड हजारांच्या पुढें जाते. भारताच्या वांट्याला मात्र मूळच्या तीनच जाती आल्या. त्यांपैकीं सर्वांत मोठा काळुंदर हा गोव्याच्या ताटांतला सुपरिचित मासा. बर्लिनच्या ब्लॉख नांवाच्या वैद्यानें १७९० सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें तें सुरतेवरून. दुसरी जात कर्नाटकाच्या नद्यांतली. तिसरा नारिंगी क्रोमाइड : दक्षिणेकडील किनाऱ्यावरच्या खाड्यांत आणि पश्चजलांत राहणारा, तीन इंचांचा, पिवळाधमक. म्हणजे बुटका सिक्लिड पाहण्यासाठीं अॅमेझॉनपर्यंत जाण्याची वास्तविक गरज नाहीं. या क्रोमाइडाचीं पिलें पोहूं लागलीं, कीं आईबापांच्या अंगावरील बुळबुळीत स्रावाला टिपीत राहतात. वांसरानें आंचळाला ढुसण्या द्याव्या तशीं तीं त्यांच्या कुशीला धडकत असतात. हाच लहानगा मासा मोठ्या काळुंदराच्या अंगावरील बुरशी आणि कीड टिपून त्याची स्वच्छताही करतो, हें अमेरिकन संशोधकांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें. आपल्या बाजारांत मात्र त्याची किंमत परदेशी रंगीत माशापुढें फारच थोडी. घरच्या कोंबडीला चव नाहीं, दुसरें काय?

मुंबईच्या कित्येक कुटुंबांना पाळीव माशांची ओळख झाली ती १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत. माझीही ओळख तेथलीच, वडिलांचें बोट धरून झालेली. पुढें क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून पिशवींत घातलेले मासे घेऊन कर्जतच्या गाडींत बसणें हा माझा नित्याचा उद्योग झाला. कल्याणच्या पुढें गर्दी ओसरली, कीं पिशवी मांडीवर उघडी ठेवून तिच्यांत हवा जाऊं द्यावयाची, आणि शेजारच्या उतारूंच्या प्रश्नांना उत्तरें द्यावयाचीं.

आतां पाण्याकडे येऊं. बुटक्या सिक्लिडांपैकीं बहुतेकांचें माहेर म्हणजे पावसाच्या अरण्यांतले ओहोळ. तेथील पाणी मृदु असतें. म्हणजे त्यांत चुना आणि तत्सम क्षार अत्यल्प असतात. सडलेल्या पानांमुळें तें किंचित् आम्ल आणि चहाच्या रंगाचें होतें. मुंबईच्या उपनगरांतील कूपनलिकेचें जड पाणी भरून अशा माशांनीं अंडीं घालावीं अशी अपेक्षा करणें म्हणजे आंब्याचें कलम रेतींत लावून मोहोराची वाट पाहणें होय. मासा जगेल, कदाचित् अंडींही घालील, पण तीं फुटणार नाहींत, तिसऱ्या दिवशीं पांढरीं पडून त्यांवर बुरशीचा कापूस चढेल.

या बाबतींत सह्याद्रीच्या पायथ्याला राहणारा मनुष्य भाग्यवान् आहे. आमच्या भागांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शिवाय घांटमाथ्यावरच्या धरणांत सांठलेलें पावसाचें पाणी टाटांच्या वीजघरांतून उतरून खालीं येतें : खोपोलीस १९१५ पासून आणि भिवपुरीस १९२२ पासून. खोपोलीचें पाणी पाताळगंगेस मिळतें, भिवपुरीचें पेज नदींतून उल्हासेस. वैशाखांत शेजारचे ओढे कोरडे ठणठणीत असतांना या नद्या वाहत्या असतात, त्या या पाण्यामुळें. तें पाणी खडकांतून झिरपलेलें नसून तलावांत सांठलेलें असल्यानें पुष्कळ मृदु असतें. कारखान्यांच्या खालच्या अंगाचें पाणी मात्र कोणीही घेऊं नये, हें सांगावयास नकोच.

विहिरीचें पाणी निराळें. काळ्या पाषाणांत महिनेन् महिने राहिल्यामुळें तें ऋतूप्रमाणें बदलतें. माझ्या परसांतल्या विहिरीचें पाणी ऑगस्टमध्यें साबणाला भरपूर फेंस देतें आणि मे महिन्यांत तोच साबण नुसता चिकट गोळा होऊन बसतो. पाण्याची जडता मोजण्याचीं औषधें आज सहज मिळतात. पण आमच्या आजीचा साबणही त्याच शास्त्राला धरून होता.

तेव्हां उपाय सोपा : पागोळ्यांचें पाणी धरणें. परंतु त्यांत दोन खांचा आहेत. मृगाच्या पहिल्या चार-सहा सरी जाऊं द्याव्या, म्हणजे छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुवून निघते. आणि पाणी धरावें तें कौलांवरचें. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचें धरूं नये. मृदु पाण्यांत उतरलेलें जस्त माशांना विषासमान आहे, आणि डोळ्यांना तें दिसत नाहीं. तिसरी एक खांच मला स्वतःला ठेंच लागून कळली. निव्वळ पावसाचें पाणी हें उपाशी पाणी असतें. त्यांत आम्लतेचा तोल सांवरणारे क्षारच नसल्यामुळें माशांच्या मलमूत्रानें तें आठ-पंधरा दिवसांत एकाएकीं इतकें आंबतें, कीं निरोगी मासेही धापा टाकूं लागतात. दोन भाग पावसाचें आणि एक भाग विहिरीचें, हें मिश्रण मला आजवर मानवलें आहे.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असली तरी एका जोडप्याला पुरे. तींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. तळाला धुतलेली बारीक वाळू असावी, कारण हे मासे वाळू उकरणारे आहेत. पाणी गाळण्यासाठीं हवेच्या नळीवर चालणारा स्पंज सर्वांत उत्तम. त्याच्या छिद्रांत ते सूक्ष्म जंतु वसतात, जे माशांच्या विष्ठेंतून निघणाऱ्या अमोनियाचें रूपांतर तुलनेनें निरुपद्रवी क्षारांत करतात. हे जंतु रुजावयास चार-सहा आठवडे लागतात. नवी टाकी सकाळीं भरून संध्याकाळीं मासे सोडणारा मनुष्य अर्ध्याअधिक वेळां त्यांची उत्तरक्रिया आठवड्याच्या आंतच करतो, याचें कारण एवढेंच. स्पंज धुवावयाचा तोही टाकींतल्याच काढलेल्या पाण्यांत. नळाखालीं धरलात तर क्लोरीन त्या जंतूंचा निकाल लावील.

बाकीची सामग्री कोंकणी माणसाच्या दारींच असते. ओलें खोबरें खवून झाल्यावर उरलेली करवंटी घ्यावी, शेंड्या तासून काढाव्या, दोन-तीनदां उकळावी, आणि कडेला अंगठ्याएवढी खांच पाडून पालथी ठेवावी. नर जेमतेम आंत जाऊं शकेल एवढेंच दार ठेवावें. प्रशस्त दार मादीला पसंत पडत नाहीं. शाळांच्या आवारांत बदामाचें झाड असतें, ज्याचीं मोठीं पानें हिवाळ्याच्या अखेरीस तांबडीं होऊन गळतात. त्यांतलीं वाळलेलीं, स्वच्छ अशीं दोन-तीन पानें टाकींत टाकलीं, कीं पाणी फिकट चहासारखें होतें, अंड्यांवरील बुरशीला थोडा आळा बसतो आणि पिलांना चरावयास कुरण मिळतें. ही पानें परदेशांत पुड्या बांधून विकतात, हें मीं आमच्या शाळेच्या शिपायाला सांगितलें, तेव्हां त्यानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मी विसरलेलों नाहीं.

नवशिक्यानें प्रारंभ करावा तो क्रिबेन्सिस या माशापासून. हा पश्चिम आफ्रिकेंतला, नायजेरियाकडचा. त्याचें हें नांव वास्तविक त्याच्या एका भाऊबंदाचें. व्यापाऱ्यांनीं तें याला चिकटविलें आणि तें आतां सुटत नाहीं. नर चार इंचांपर्यंत वाढतो, मादी तीन इंचांची. पाण्याच्या बाबतींत तो फारसा सोंवळा नाहीं. पक्ष्यांत नर नटवा असतो आणि मादी साधी. येथें उलट आहे. वीण जवळ आली, कीं मादीचें पोट पिकल्या जांभळासारखें रंगतें आणि ती शरीराची कमान करून, थरथरत, नरापुढें तें पोट मिरवूं लागते. मागणी तिचीच असते. दोन प्रौढ मासे विकत आणून त्यांचें लग्न जबरदस्तीनें लावण्यापेक्षां सहा-आठ लहान पिलें एकत्र वाढवावीं आणि त्यांतून ज्यांचें ज्यांच्याशीं जमेल तें जोडपें वेगळें ठेवावें. टाकींतही मनाविरुद्धचा विवाह सुखाचा होत नाहीं; पराभूत मादी फाटक्या परांनी कोपऱ्यांत लपून बसते, आणि तिला वेळींच न हलविल्यास मरते.

जोडपें जमलें, कीं करवंटीखालची वाळू तोंडांत भरभरून बाहेर टाकण्याचें काम चालू होतें. मग एक दिवस मादी दिसेनाशी होते. श्रोतेहो, या वेळीं करवंटी उचलून पाहण्याचा मोह आवरणें ही या छंदांतली सर्वांत कठीण परीक्षा आहे, आणि मी तींत तीन वेळां नापास झालों आहें. अंडीं करवंटीच्या आंतल्या छताला चिकटविलेलीं असतात; शंभर-दोनशें, तांबूस, बाजरीच्या दाण्याएवढीं. मादी उलटी होऊन त्यांना परांनी वारा घालते आणि नासलेलें अंडें वेंचून काढते. नर बाहेर गस्त घालतो. पाणी २६ अंशांच्या आसपास असेल तर तिसऱ्या दिवशीं अंडीं फुटतात. पण त्यांतून निघतो तो मासा नव्हे, तर पोटाला बलकाची पिशवी बांधलेला एक वळवळणारा धागा. आई हे धागे वाळूच्या खड्ड्यांत ठेवते, आणि कांहींतरी संशय येतांच दुसऱ्या खड्ड्यांत हलविते. आणखी चार-पांच दिवसांनीं बलक संपतो आणि एके सकाळीं सारा थवा आईच्या पोटाखालून ढगासारखा बाहेर पडतो.

त्यापुढील तीन-चार आठवडे पाहण्यासारखे. आईबापांनीं पोटाचे पर झटकले, कीं ढग क्षणांत तळाशीं बसून वाळूच्या रंगांत विरून जातो. धोका टळला, कीं पुन्हां वर येतो. पुष्कळदां मादी बदामाचें कुजलेलें पान तोंडांत चघळून त्याचा भुगा पिलांवर फुंकते. तुम्ही त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यांतील जीवाचीं नुकतीं फुटलेलीं पिलें दिवसांतून दोन-तीनदां घातलीं म्हणजे काम भागतें. सुकें खाद्य या वयांत घालूं नये, एवढें सांगून मी पुढें जातों.

पहिल्या विणीला नवखें जोडपें बहुधा अंडीं खाऊन टाकतें. त्यावरून त्यांना दुष्ट ठरवूं नये. पुष्कळदां दोष आपलाच असतो. रात्रीं टाकीवरचा दिवा एकदम मालवला, कीं सैरावैरा झालेलीं पिलें आईला दिसत नाहींत. घाबरलेली आई काय करील याचा नेम नसतो. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज हाच खेळ वारंवार करते. म्हणून खोलींतला एक मंद दिवा निराळ्या सोयीवर जळत ठेवावा. दोन-तीन विणींनंतर त्यांना आपोआप समज येते. मोठ्या प्रमाणावर व्यापार करणारे लोक इतका धीर धरीत नाहींत. अंडीं काढून घेऊन औषधाच्या पाण्यांत वेगळीं उबवितात. अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या माशांना, विशेषतः दक्षिण अमेरिकेंतल्या रामिरेझी या सुंदर जातीच्या बाजारी माशांना, पिलें संभाळतां येत नाहींत असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. मीही एकदां भीतीपोटीं आईबाप काढून घेतले आणि पिलें एकटीं वाढविलीं. पिलें मोठीं झालीं. पण टाकीपुढें खुर्ची टाकून बसण्याचें मला कांहीं कारण उरलें नाहीं.

कॉनराड लोरेंझ हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ, ज्यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं आपल्या टाकींतील एका सिक्लिड बापाची गोष्ट सांगितली आहे. संध्याकाळीं पिलें गोळा करणाऱ्या त्या नरानें वाटेंत एक गांडूळ तोंडांत धरलें, आणि तेवढ्यांत चुकलेलें एक पिलूं दिसतांच तेंही तोंडांत घेतलें. आतां एकाच तोंडांत घांसही आणि मूलही. तो क्षणभर निश्चल राहिला. मग त्यानें दोन्ही तळाशीं टाकलीं, पिलावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खाल्लें, आणि मग पिलूं उचलून घरीं पोंचतें केलें. ही गोष्ट वाचल्यापासून मी हातांत गांडूळ घेऊन पुष्कळदां टाकीपुढें बसलों. पण माझ्या माशांनीं मला तो प्रयोग करून दाखविला नाहीं.

क्रिबेन्सिस साधला, कीं मनुष्य अपिस्टोग्रामाकडे वळतो. हे दक्षिण अमेरिकेंतले. त्यांच्यांत एका मोठ्या नराच्या हद्दींत अनेक माद्या आपापल्या बिळांत स्वतंत्र संसार करतात. पिलांची जबाबदारी मुख्यतः आईवर. अंड्यांवर बसलेली मादी एरवींचा मळकट रंग टाकून हळदीसारखी पिवळी होते, वर काळे पट्टे. आणि आपल्या दुप्पट आकाराच्या नरालाही हांकलून लावते. पेरूच्या बाजूची एक जात डोक्यामागें काकाकुव्यासारखा तुरा वागविते. तिनेंच मला एक मोठें कोडें घातलें.

एके वर्षीं एप्रिलांत या तुरेवाल्यांची एक वीण मला साधली. आमच्या भागांत तेव्हां पारा चाळिशीला टेकतो. टाकीभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून, वर पंखा लावूनही पाणी तिशीच्या खालीं येईना. पिलें वाढलीं, रंग धरूं लागलीं, आणि पाहतों तों चार-दोन सोडून सारे नर! तुरे उभारून एकमेकांवर धांवणारी ती फौज कोणाला देऊं हा प्रश्नच पडला. पुढें डिसेंबरांत त्याच जोडप्याची दुसरी वीण झाली. कर्जतच्या थंडीनें रात्रीं पाणी २२-२३ अंशांवर उतरत असे, आणि हीटर मीं लावला नव्हता. या खेपेला बहुतेक सर्व माद्या निपजल्या. मी योगायोग म्हणून सोडून दिलें असतें. परंतु उवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्त्स या जर्मन संशोधकांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेलें काम नंतर वाचनांत आलें. अपिस्टोग्रामाच्या तीसाहून अधिक जाती त्यांनीं २३, २६ आणि २९ अंशांच्या पाण्यांत वाढविल्या, आणि बहुतेकांत उष्ण पाणी नर देतें, थंड पाणी माद्या देतें, मधल्या पाण्यांत दोहोंचा मेळ बसतो असें त्यांना आढळलें. जन्मानंतरच्या पहिल्या सुमारें महिनाभरांत हा निर्णय लागतो. पाण्याच्या आम्लतेचाही त्यांत कांहीं हात असतो. म्हणजे माझ्या टाकींत मुलगा कीं मुलगी हें ठरवीत होतें तें कर्जतचें हवामान. तेव्हांपासून अपिस्टोग्रामाची वीण मी जुलै ते ऑक्टोबर या काळांतच घेतों. त्या दिवसांत पाणी आपोआप २६ अंशांच्या जवळपास राहतें, आणि पागोळ्या तर दारांतच गळत असतात.

हें सर्व गोड झालें. आतां एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे.

पूर्वीं माझ्या परसांत एक सिमेंटचा हौद होता. क्रिबेन्सिसचीं वाढतीं पिलें मी त्यांत सोडीत असें. उघड्यावर तीं फार झपाट्यानें वाढतात आणि डासांच्या अळ्या खाऊन रंगही चांगला धरतात. २६ जुलै २००५ चा पाऊस आपणांपैकीं अनेकांना आठवत असेल. त्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि उल्हासेचें पाणी तिच्या कांठच्या गांवांत शिरलें. आमच्या परसामागचा ओहोळ संध्याकाळपर्यंत हौदाच्या कांठाला आला, आणि रात्रीं हौद आणि ओहोळ एक झाले. सकाळीं पाणी उतरल्यावर पाहिलें, तों हौदांत लाल चिखल, बेडूक आणि कोठून आलेली एक वाम. क्रिबेन्सिसचें एकही पिलूं नव्हतें. शेजाऱ्यांचें धान्य भिजलें होतें, गुरें वाहून गेलीं होतीं; तेथें माझ्या माशांचें रडगाणें कोणापुढें गाणार? मी मनांतल्या मनांत हळहळलों, आणि तेंही माशांसाठीं. नदीसाठीं हळहळावें हें मला तेव्हां सुचलेंच नाहीं.

तें सुचलें तिलापियामुळें. ज्याला आपल्याकडे चिलापी म्हणतात आणि उजनीच्या धरणांतून जो बाजारोबाजार जातो, तो मासा सिक्लिडच आहे. आमच्या करवंटींतल्या बुटक्याचा धिप्पाड आफ्रिकन नातलग. १९५२ सालीं त्याची मोझांबिककडची जात अन्नासाठीं म्हणून भारतांत आणली गेली. ही मादी अंडीं आणि पिलें तोंडांत संभाळते. इतकी निगुतीची आई असल्यावर तिचीं पोरें मरतात कशाला? वर्षांतून अनेक वेळां वीण, आणि प्रत्येक विणींतून पुष्कळ पिलें जगलेलीं. पाहतां पाहतां तलावांत आणि नद्यांत तिचेंच राज्य झालें आणि स्थानिक मासे मागें हटले. ज्या गुणावर लुब्ध होऊन मी टाकीपुढें तासन् तास बसतों, त्याच गुणाचें हें दुसरें टोंक आहे.

आमच्याकडील मासे कसे वितात तें पाहिलें म्हणजे हा सामना किती विषम आहे हें ध्यानांत येईल. पहिला मोठा पाऊस झाला, कीं नदींतले मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत आणि भातखाचरांत शिरतात. रायगडांत याला वलगण म्हणतात, आणि ती पकडावयाला रात्रीं बत्त्या घेऊन सारा गांव लोटतो. खाचरांच्या उथळ पाण्यांत अंडीं टाकून हे मासे परत फिरतात. मरळीसारखे अपवाद सोडले तर त्या अंड्यांना राखणदार कोणी नाहीं. अशा ओढ्यांत पोरांसाठीं प्राणपणानें भांडणारा आणि दुसऱ्याचीं अंडीं खुशाल खाणारा परका मासा शिरला तर काय होईल, हें सांगावयास मत्स्यशास्त्र्याची आवश्यकता नाहीं. त्यांत पश्चिम घांटांतल्या ओढ्यांतील कित्येक लहान मासे जगांत अन्यत्र कोठेंही सांपडत नाहींत.

माझा हौद मीं त्याच वर्षीं बुजविला. आतां सर्व टाक्या घराच्या आंत, जोत्याच्या वर आहेत. टाकींतलें काढलेलें पाणी ओहोळाकडे न जातां जास्वंदीच्या आळ्यांत जातें. तींही फडक्यानें गाळून, कारण क्रिबेन्सिसचें पिलूं शिवणाच्या सुईच्या नेढ्यांतून जाईल इतकें बारीक असतें. जास्त झालेले मासे मी दुकानदाराला देऊन मोबदल्यांत खाद्य घेतों, किंवा शाळांना देतों. एका गृहस्थांनीं मजजवळून नेलेली जोडी, मुलांच्या परीक्षा आल्या म्हणून, गणपतीबरोबरच नदींत सोडली. "मोकळें केलें बिचाऱ्यांना," असें मला त्यांनीं मोठ्या समाधानानें सांगितलें. त्यांच्या मनांत दयाच होती. म्हणून मीं रागावलों नाहीं, परंतु तेव्हांपासून मासे देतांना, नकोसे झाले तर मलाच परत आणून द्या, ही अट मी आधीं घालतों. कोणी पाळूं लागलें, कीं ही अट घालण्याचा आपल्यालाही अधिकार पोंचतो, आणि घरांत बोटाएवढ्या माशासाठीं अटी घालणारा मनुष्य थोडा विक्षिप्त समजला जातो हें मी स्वानुभवानें सांगतों.

सध्यां आमच्या मोठ्या टाकींत क्रिबेन्सिसची नवी वीण आहे. कालच्या गुरुवारीं अंडीं फुटलीं, तेव्हां येत्या मंगळवारीं किंवा बुधवारीं पिलें पोहूं लागतील. आर्टेमियाचीं अंडीं फुटावयास साधारण दीड दिवस लागतो. म्हणून तीं सोमवारच्या सकाळींच मिठाच्या पाण्यांत घालावीं लागतील, आणि ही आठवण मला नव्हे, घरांतल्या मंडळींना अधिक आहे.